सगळे रिपोर्ट नॉर्मल, मग अंगात त्राण का नाही?

आबोली (फोंडा)

निमित्त आमच्या वहिनीचं. म्हापशाला राहते, कळंगुटच्या एका हॉटेलात हाउसकीपिंगला आहे. सीझनमध्ये ड्युटी आज सकाळची तर परवा रात्रीची. घरी आमचे बाबा अंथरुणाला खिळलेले, थोरल्याची दहावी, वर घराच्या कर्जाचा हप्ता. गणेशचवथीपासून तिचं एकच पालुपद, "अंगात त्राणच नाही गो." झोपून उठते तीच दमलेली. हिमोग्लोबिन बघितलं, ठीक. साखर ठीक. डॉक्टरांनी "टेन्शन घेऊ नका" सांगून टॉनिकची बाटली लिहून दिली. टेन्शन काय ती दुकानातून मागवून घेते?

ड्युटीच्या दिवशी ती खाते काय, ते मी मुद्दाम बघितलं. पहाटे चहा आणि दोन बिस्किटं. अकराच्या सुमाराला पातळभाजी-पाव, तोही उभ्याउभ्या, हातात चादरींची यादी. तीनला कॅन्टीनचा पांढरा भात आणि त्यावर डाळीचं पाणी. मग परत चहा. रात्री सगळ्यांची पानं झाल्यावर उरलेलं शीत-कडी (भात-कालवण). तळलेली बांगड्याची तुकडी तोवर मुलांच्या ताटात गेलेली असते.

आता फॅमिली ग्रुपवर एक व्हिडिओ फिरतोय. थकवा म्हणजे तुमचे मायटोकॉन्ड्रिया (पेशीतली ऊर्जा बनवणारी केंद्रं) दमलेत, आमची पावडर घ्या, पेशी पुन्हा तरुण! किंमत ऐकून वहिनी म्हणाली, एवढ्यात आमचं महिन्याचं नुस्तं (मासळी) येईल.

तर विचारायचंय ते असं. ताणामुळे पेशीतली ऊर्जा खरंच कमी होते का, की हे सगळं मनाचे खेळ? आणि खाण्याने नेमका किती फरक पडतो? जाणकारांनी सविस्तर लिहा. "सकाळी कोमट पाणी घ्या" छापाचे सल्ले नकोत, हात जोडते.


खारवी

कोमट पाण्यात लिंबू पिळलं तर चालेल का? पळतो आता.


मानकुराद (पणजी)

आबोलीताई, जन्मभर कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे लांबण लागणार. आधीच माफी.

स्नायू हलवणं, मेंदू चालवणं, हृदयाचा ठोका, सगळ्याला लागणारं चलन एकच, एटीपी. गंमत अशी की शरीरात कुठल्याही क्षणी याचा साठा जेमतेम मूठभर असतो. तोच मोडायचा, तोच पुन्हा जोडायचा, असं करत दिवसभरात आपल्या वजनाच्या आसपास एटीपीची उलाढाल होते. रोजंदारीवरचं घर असतं ना, आज कमावलं तर आज चूल पेटणार, ठेव म्हणून काही नाही, तसा प्रकार. (हा रेणू सापडला १९२९ साली. जर्मनीत कार्ल लोहमान यांना, आणि त्याच सुमाराला हार्वर्डमध्ये सायरस फिस्के आणि आपले यल्लाप्रगडा सुब्बाराव यांना. सुब्बारावांचं नाव आपल्याकडे दहा जणांत एकालाही ठाऊक नसतं, हा माझा जुना राग.)

एटीपी मुख्यतः मायटोकॉन्ड्रियात तयार होतो. ऑक्सिजन असेल तर ग्लुकोजच्या एका रेणूपासून तीसेक एटीपी मिळतात, नसेल तर फक्त दोन. पण नुसतं ग्लुकोज असून भागत नाही. ते मोडून मायटोकॉन्ड्रियात जाळायच्या टप्प्यावर बी-१ हे जीवनसत्त्व लागतं. पुढच्या साखळीत इलेक्ट्रॉन वाहून नेणारे रेणू बी-२ आणि बी-३ पासून बनतात. त्या साखळीतल्या प्रथिनांत लोह बसलेलं असतं. म्हणजे लोहाचं काम रक्त लाल करण्यापुरतं नाही. तयार एटीपीसुद्धा पेशीत मॅग्नेशियमला चिकटूनच काम करतो. वहिनींच्या ताटात पाव, भात, बिस्किट, साखर आहे, म्हणजे उष्मांक आहेत. ते जाळायला जे लागतं, ते मात्र मुलांच्या ताटात गेलं.

आता पावडरीबद्दल. पेशी एटीपी करते ती मागणीप्रमाणे. एखाद्या जीवनसत्त्वाची कमतरता असेल तर ते दिल्यावर फरक पडतो, चांगला पडतो. कमतरता नसेल तर दुप्पट ओतून दुप्पट ऊर्जा होत नाही. बी गटातलं जास्तीचं बरंचसं लघवीवाटे जातं. त्या व्हिडिओत हे सांगत नाहीत, कारण सांगितलं तर विकणार काय?


पोई_आणि_चाय

मानकुराद सर, बी-१ चा विषय निघालाच आहे तर आपल्या उकड्या तांदळाबद्दल लिहितो. ही गोष्ट घराघरात सांगायला हवी.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, क्रिस्तियान आइकमन नावाचा डच डॉक्टर बेरीबेरीच्या मागे लागला होता. माणसं पायांतून जात, धाप लागे, मरत. त्याच्या लक्षात आलं की पॉलिशचा पांढरा तांदूळ खाणाऱ्या कोंबड्या लंगडतात आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की बऱ्या होतात. त्याला १९२९ मध्ये नोबेल मिळालं. एटीपी सापडला तेच साल, बघा योगायोग. कोंड्यात होतं ते बी-१.

आपल्याकडे भात सालीसकट भिजवून उकडतात आणि मग कांडतात. उकडताना कोंड्यातलं बी-१ दाण्याच्या आत मुरतं, त्यामुळे कांडल्यावरही बरंच टिकतं. आणि पेज करताना पाणी ओतून देत नाही, तेही पोटात जातं. सकाळची उकड्याची पेज, सोबत आळसांद्यांची उसळ नाहीतर सुक्या बांगड्याची किसमूर. आमच्या आज्या हे खाऊन शेतात उतरायच्या. आता पेज म्हणजे आजाऱ्याचं जेवण झालंय आणि धडधाकट माणूस बिस्किटावर जगतोय.

रोज संध्याकाळी "थोडीशी" घेणाऱ्यांनीही कान टवकारावेत. दारूमुळे बी-१ आतड्यात नीट शोषलं जात नाही. फेणी काजूची असो की माडाची, बी-१ ला फरक पडत नाही.


शेवग्याची_शेंग

+१ पेजेला. पण वहिनीला बेरीबेरी झाली असं कोणी ठरवून टाकू नका बाबांनो.


रात्रपाळी (वेर्णा)

मी औषध कंपनीत शिफ्टला आहे, त्यामुळे ताणाच्या बाजूने विचारतो. आमच्या एचआरने बोलावलेल्या वेलनेसवाल्या बाईंनी सांगितलं की सततच्या ताणाने मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी दमतात, कॉर्टिसॉल (ताणाचं संप्रेरक) संपतो, त्याला "अ‍ॅड्रिनल फटीग" म्हणतात. लाळेची तपासणी करा, मग सप्लिमेंट. तपासणीही त्यांचीच, सप्लिमेंटही त्यांचीच. यात तथ्य किती?


मानकुराद (पणजी)

तथ्य एवढंच की तुम्ही दमलाय. बाकी निदान बाजारातलं. उपलब्ध अभ्यासांचा एकत्र आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, त्याचं शीर्षकच मुळी "अ‍ॅड्रिनल फटीग अस्तित्वात नाही" या अर्थाचं होतं. अ‍ॅड्रिनल खरोखर निकामी होण्याचा आजार वेगळा. तो गंभीर असतो, त्यात वजन उतरतं, रक्तदाब पडतो, आणि तो रुग्णालयातच पकडतात.

पण म्हणून ताणाचा शरीराशी संबंध नाही असं म्हणू नका. हान्स सेली यांनी १९३६ मध्ये 'नेचर'मध्ये एक छोटं टिपण लिहिलं. थंडी, जखम, विष, कारण काहीही असो, उंदरांच्या शरीराचा प्रतिसाद ठरावीक साच्यातला होता. तिथून ताणाचं शास्त्र सुरू झालं. कॉर्टिसॉलचं काम म्हणजे संकटात रक्तात साखर तयार ठेवणं. त्यासाठी तो वेळ पडली तर स्नायूंतलं प्रथिन मोडून यकृताकडून साखर करून घेतो. वाघ मागे लागला असेल तर उत्तम सोय आहे. हप्ता मागे लागला असेल तर वर्षानुवर्षं तेच चालू राहतं आणि दुरुस्तीची कामं, झोप, पचन, प्रतिकारशक्ती, मागे पडतात. ब्रूस मॅकईवेन यांनी १९९३ पासून या झिजेचा हिशेब मांडला. पुढे मार्टिन पिकार आणि त्यांनी मिळून दाखवलं की ही झीज मायटोकॉन्ड्रियापर्यंत पोचते. प्राण्यांवरच्या प्रयोगांत सततच्या ताणाने मायटोकॉन्ड्रियाचं काम मंदावलेलं बहुतेक वेळा दिसतं. माणसांतला पुरावा अजून तुटपुंजा आहे.

तुमच्या रात्रपाळीचं दुखणं जास्त सरळ आहे. कॉर्टिसॉल पहाटे चढतो, उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात शिखर गाठतो आणि रात्री उतरतो. पाळी दर आठवड्याला बदलली की शरीर झोपायच्या वेळी जागं आणि जागायच्या वेळी पेंगुळलेलं. आबोलीताई, "मनाचे खेळ" हा शब्दप्रयोग म्हणूनच मला पटत नाही. मनाचा खेळ असला तरी खेळायला अंगच लागतं.


पांढरी_चप्पल (मडगाव)

मी नर्स आहे. थकव्याच्या पेशंटचं हिमोग्लोबिन बघून "सगळं नॉर्मल" म्हणणं हा आमच्याकडचा नेहमीचा प्रकार. वहिनींना एवढं विचारा: फेरिटिन (लोहाचा साठा सांगणारी रक्ततपासणी) केलं का? हिमोग्लोबिन १२ च्या वर असतानाही शरीरातला लोहाचा साठा तळाला गेलेला असू शकतो. हिमोग्लोबिन सर्वात शेवटी घसरतं. २०१२ मध्ये फ्रान्समधली एक चाचणी प्रसिद्ध झाली. रक्त नॉर्मल पण फेरिटिन ५० च्या खाली असलेल्या, थकव्याची तक्रार करणाऱ्या बायका. बारा आठवडे लोह घेतलेल्यांचा थकवा जवळजवळ निम्म्याने उतरला, आणि खोटी गोळी घेतलेल्यांचाही २९ टक्क्यांनी. दोन्ही आकडे लक्षात ठेवा. दुसरा आकडा बघितला की टॉनिकवाल्यांचं दुकान कसं चालतं ते कळतं.

आपल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) शिफारशीत बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह सांगितलंय, पुरुषाला १९. आणि घरात उलट होतं, नुस्त्याची मोठी तुकडी कोणाला जाते? पाळीत जास्त रक्त जातं का, हेही विचारा. बायका स्वतःहून सांगत नाहीत, "सगळ्यांनाच जातं" म्हणतात.

सोबत टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि बी-१२. इथे नुस्तं खाणारी माणसं, बी-१२ कमी कसं होईल असं वाटतं. पण मधुमेहासाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतलं की बी-१२ उतरतं, ॲसिडिटीच्या गोळ्या कायमच्या लागल्या तरी उतरतं. २०२३ मध्ये आयसीएमआरचा देशभराचा मधुमेहाचा अभ्यास आला, त्यात देशाचं प्रमाण ११.४ टक्के आणि गोवा सगळ्यांत वर, २६.४ टक्के. म्हणजे मेटफॉर्मिनवाले प्रत्येक वाड्यावर आहेत. पायाला मुंग्या, विसराळूपणा, थकवा असं एकत्र दिसलं तर "वय झालं" म्हणून सोडू नका.

आणि वजन आपोआप उतरणं, संध्याकाळचा ताप, जिना चढताना नवीनच लागलेली धाप, जोरात घोरणं आणि दिवसा पेंग: यातलं काही असेल तर धागा बंद करा आणि आधी डॉक्टरकडे जा.


जुना_बाजार

आमच्या आईने सात मुलं वाढवली, विहिरीचं पाणी ओढलं, भात लावला, कधी थकवा म्हणून ऐकलं नाही. हल्लीच्या लोकांना नावं ठेवायला आजार लागतात. सुशेगाद राहा, सगळं बरं होतं.


कुळागर (सांखळी)

काका, ऐकलं नाही म्हणजे नव्हता असं नाही. तिने सांगायचं कोणाला होतं?

आता थोडं गंभीर. आपल्याच गोव्यातला एक अभ्यास आहे आणि इथे कोणी त्याचं नाव काढलं नाही, म्हणून लिहिते. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी इथल्या १८ ते ५० वयाच्या सुमारे अडीच हजार बायकांना घरी जाऊन प्रश्न विचारले, तपासण्या केल्या. निष्कर्ष २००५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आले. १२ टक्के बायकांना सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ थकवा होता.

कशाशी जोडलेला निघाला? वय, कमी शिक्षण, घरावरचं कर्ज. उदासी आणि चिंता. नवऱ्याकडून होणारी लैंगिक जबरदस्ती. स्वतःबद्दलचे निर्णय स्वतःला घेता न येणं. आणि हिमोग्लोबिन? त्याच्याशी संबंध सापडला नाही. अंगाने भरलेल्या बायकांत मात्र थकवा कमी होता, म्हणजे पोटात काय जातं त्याचा वाटा लेखकांनी नाकारला नाही.

मी हे वाचलं तेव्हा कितीतरी घरं डोळ्यांसमोर आली. आम्ही "रगत कमी आहे" म्हणून बीट आणि खजूर देत सुटतो. बाईचं ताट बघतो, तिची झोप किती वेळा मोडते ते बघत नाही. वहिनींना कर्ज आहे, आजारी सासरे आहेत, बदलत्या पाळ्या आहेत. तपासण्या जरूर करा. पण आबोलीताई, राग मानू नका, रात्री बाबांना कुशीवर वळवायला, पाणी द्यायला उठतं कोण?


रात्रपाळी (वेर्णा)

एक शंका. पांढरी चप्पल म्हणतात लोह तपासा, कुळागर म्हणतात रक्ताशी संबंध सापडला नाही. आम्ही कोणाचं ऐकायचं?


मानकुराद (पणजी)

दोघींचंही. त्या निष्कर्षात बोलणं हिमोग्लोबिनचं आहे, फेरिटिनचं नाही. आणि हजारो बायकांत मिळून दिसणारा कल एका बाईच्या रक्तात काय आहे ते सांगत नाही. एकाच बाईचं फेरिटिन १२ असू शकतं आणि तिच्या डोक्यावर कर्जही असू शकतं. आपण कुठलं तरी एकच कारण धरून बसतो, कारण गोळी एका कारणावर असते.


हळू_चाल (पेडणे)

बराच काळ नुसता वाचत होतो, पण इथे एक गोष्ट राहून जातेय.

सगळे थकवे एका जातीचे नसतात. मला कोविडनंतर जो लागला तो ताणाचाही नव्हता आणि खाण्याचाही. दुकानात सामान लावून घरी आलो की त्या दिवशी ठीक, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आडवा. उजेड सहन होत नाही, वाक्य पुरं होत नाही. श्रमानंतर उशिराने येणारी ही पडझड हेच या आजाराचं मुख्य लक्षण. मायाल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस, किंवा क्रॉनिक फटीग सिंड्रोम. १९८८ मध्ये अमेरिकेत हे दुसरं नाव दिलं गेलं आणि त्या नावानेच घोटाळा केला, कारण ऐकणारा म्हणतो, "मलापण होतं हो तसं." २०१५ मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने निकष नीट मांडले: सहा महिने, श्रमानंतरची पडझड, झोपूनही ताजंतवानं न वाटणं, आणि जोडीला विचारांचा गोंधळ किंवा उभं राहिल्यावर त्रास.

मला सगळ्यांनी प्रेमाने सांगितलं, चाल, धाव, जिमला जा. त्यानेच मी बिघडलो. उपचारांच्या शिफारशी ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०२१ मध्ये या आजारासाठी "हळूहळू व्यायाम वाढवा" हा उपचार शिफारशींतून काढून टाकला. आणि २०२४ च्या सुरुवातीला नेदरलँड्समधल्या संशोधकांनी लाँग कोविडच्या रुग्णांच्या मांडीच्या स्नायूचे तुकडे व्यायामाच्या आधी आणि नंतर तपासले. मायटोकॉन्ड्रियाचं काम व्यायामानंतर आणखी घसरलेलं आणि स्नायूला इजा झालेली दिसली. मी आळशी नाही हे त्या दिवशी बायकोला वाचून दाखवलं.

उपचार असा हाती नाही. शक्ती शिल्लक ठेवून काम करायचं, मध्ये आडवं व्हायचं, बरं वाटतंय म्हणून एका दिवसात चार दिवसांची कामं उरकायची नाहीत. वहिनींना सुट्टीत झोप मिळाली, दोन दिवस आयतं खायला मिळालं की बरं वाटतं का? वाटत असेल तर त्यांची गोष्ट बहुधा माझ्यासारखी नाही, आणि ती सुधारण्यासारखी आहे.


जुना_बाजार

पेडण्याच्या भावाचं वाचलं. हे मला ठाऊक नव्हतं. काळजी घे रे.


आबोली (फोंडा)

सगळ्यांचे मनापासून आभार. वाचून वहिनीला फोन केला. बहिणीच्या लग्नाला चार दिवस माहेरी होती तेव्हा छान होती म्हणाली, म्हणजे हळू_चाल म्हणतात तसं, सुधारण्यासारखं दिसतंय. पाळीत जास्त जातं, तेही कबूल केलं. इतकी वर्षं कोणी विचारलंच नव्हतं. फेरिटिन, बी-१२, टीएसएच उद्या द्यायचंय.

कुळागर, राग नाही. शनिवार-रविवार बाबांकडे मी असते, ते आधीपासून चालू आहे. प्रश्न सोमवार ते शुक्रवारचा. भावाला सांगितलं की आठवड्यातल्या रात्री बाबांना तू बघायचं, तिची झोप मोडायची नाही. तो म्हणाला "बघूया." आमच्या भावाचं "बघूया" म्हणजे काय ते म्हापसा बाजारात विचारा. तेव्हा निम्म्या रात्रींना माणूस ठेवायचा आणि पैसे भावाने आणि मी वाटून द्यायचे, असं मी परस्पर ठरवून टाकलंय. पावडरीच्या किमतीत बसतंय साधारण.

डब्यात सकाळची पेज आणि उसळ ती स्वतःच नेणार म्हणाली. शुक्रवारी म्हापशाला तिसऱ्या (शिंपल्या) मिळाल्या तर त्याही करायच्या. आता सांगा, डॉक्टरांनी लोहाची गोळी दिलीच तर ती घ्यायची केव्हा? तिचं जेवणाचं वेळापत्रक रोज वेगळं.


खारवी

तिसऱ्या छान, लोह आणि बी-१२ दोन्हीला. एक जूनपासून दोन महिने ट्रॉलर बंद असले तरी खाडीतल्या तिसऱ्या विचारत राहा. भावाने साफ करायच्या, वाळू काढायला वेळ लागतो, तेवढाच "बघूया"ला उद्योग.


पांढरी_चप्पल (मडगाव)

रिपोर्ट येईपर्यंत गोळी सुरू करू नका, लोह जास्त झालं तरी त्रासच. आली तर ड्युटी कुठलीही असो, झोपून उठल्यावर पहिल्या चहाच्या निदान तासभर आधी, पेरू नाहीतर लिंबूपाण्यासोबत. चहा आणि कॅल्शियमची गोळी तिच्या आसपास नको, दोन्हींनी लोह अडतं. पोटात मळमळलं तर जेवणानंतर घ्या, थोडं कमी शोषलं जाईल पण गोळी सुटणार नाही. दिवसाआड घेतली तर प्रत्येक गोळीतलं लोह जास्त शोषलं जातं असं आता दिसलंय, डॉक्टरांना तसं विचारून बघा. शौच काळी होते, घाबरू नका. आणि डबी मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका, लहानग्यांना लोहाची विषबाधा जीवावर बेतते. रिपोर्ट आले की आकडे इथे टाका.